जॅक चालू केलं की ब्राउझर मुका होतो म्हणून पल्सऑडिओ उडवायचा? नका उडवू भाऊ

जळगाव-धुळ्याकडं अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय की लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या अल्सा, पल्सऑडिओ (ब्राउझरसारख्या रोजच्या प्रोग्रॅमचा आवाज) आणि जॅक (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा आवाज) या तीन सिस्टीम एकमेकींशी कधीच जुळत नाहीत, जॅक लावलं की बाकी सगळ्याचा आवाज जातोच, म्हणून पल्सऑडिओ काढून टाका, आणि पाईपवायर ही नवी आवाज-सिस्टीम म्हणजे वर चढवलेला अजून एक थर, त्यानं लेटन्सी (म्हणजे आवाज ऐकू यायला लागणारा उशीर) वाढते.

पहिली गोष्ट, या तिघी एका पातळीवरच्या नाहीतच. अल्सा कर्नलमधे बसून थेट साऊंड कार्डाशी बोलतं, पल्सऑडिओ आणि जॅक त्याच्या वर चालतात. म्हणजे भांडण असलं तर ते वरच्या दोघांचं, कार्ड कोणाच्या हातात यावरून.

आता "आवाज जातोच" हे बघू, कारण यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच लोकांना पटतं. जॅक कार्ड एकट्यासाठी धरतं. पण जॅकनं कार्ड मागितलं की पल्सऑडिओ डी-बसवरून (प्रोग्रॅम एकमेकांना निरोप देतात ती वाट) ते सोडून देतो, आणि त्याच्यातच एक मॉड्यूल आहे जे जॅक डी-बसमार्फत सुरू झालं की ओळखतं आणि ब्राउझरचा आवाज जॅकमधूनच बाहेर काढायची सोय आपोआप करतं. हे पाईपवायर यायच्या कितीतरी आधीपासून आहे! बऱ्याच ठिकाणी ते मॉड्यूल इन्स्टॉलच नसतं, एवढंच.

पल्सऑडिओ काढायचा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो. २०१७ सालच्या फायरफॉक्स ५२ पासून मोझिलाच्या स्वतःच्या लिनक्स बिल्डला आवाजासाठी पल्सऑडिओ लागतो, नुसत्या अल्सावर तो मुका. श्रावणात कानबाई देवीची गाणी रेकॉर्ड करायला बसलेला पोरगा हे करून बसला तर लिनक्सलाच शिव्या देणार आणि परत कुठलं तरी क्रॅक सॉफ्टवेअर टाकणार, आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

पाईपवायरचा मुद्दा तर उलटाच आहे. तो दोघांच्या वर बसत नाही, दोघांच्या जागी बसतो. ब्राउझरला वाटतं समोर पल्सऑडिओ आहे, आर्डरला (Ardour, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वाटतं जॅक आहे, आणि दोघांचा आवाज एकाच ग्राफमधे, म्हणजे जोडण्यांच्या एकाच जाळ्यात येतो, जोडणी वायरप्लंबर हा सोबतचा प्रोग्रॅम करतो. लिनक्सच्या फेडोरा ३४ मधे २०२१ पासून आणि उबुंटूत २२.१० पासून हाच डिफॉल्ट आहे. २२.०४ वाल्यांनी मात्र लक्ष द्या, तिथं पाईपवायर असतो पण आवाज पल्सऑडिओच सांभाळतो. टर्मिनलमधे पॅक्टल इन्फो (pactl info) मारा, सर्व्हर नेमच्या (Server Name) ओळीत पाईपवायरचं नाव दिसलं तर तुमचं काम तोच करतोय.

लेटन्सीचं गणित सरळ आहे. डिफॉल्ट बफर (एका वेळी पुढं ढकलायचा आवाजाचा तुकडा) १०२४ फ्रेमचा, ४८,००० हर्ट्झवर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, गाणं ऐकायला चालतं पण हेडफोनमधे स्वतःचा आवाज ऐकत गायला जड जातं. आर्डरनं १२८ मागितले की अख्खा ग्राफच १२८ वर येतो, म्हणजे २.७ च्या आसपास, आणि ब्राउझर तरीही वाजत राहतो. जुन्या लॅपटॉपवर कडकड आवाज आला तर २५६ करा. डेबियन-उबुंटूवर आर्डर पीडब्ल्यू-जॅक (pw-jack ही कमांड) लावून उघडा, नाहीतर ते खरं जॅक शोधत बसतं.