पुनर्नवेला रोज पाणी? कुणी सांगितलं!

सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा तोच मेसेज: "फुकटची संजीवनी, पुनर्नवा! पांढऱ्या फुलाचीच आणा, तीच अस्सल. कुंडीत रोज पाणी घाला. उन्हाळ्यात वाळली तर मेली, उपटून नवी लावा. रोज मूठभर पानं खाल्ली की डायलिसिस टळतं." खाली हात जोडलेल्यांची रांग. घेटुळी, म्हणजे हीच पुनर्नवा, माझ्या लाडाची, म्हणून गप्प बसवेना.

आधी ते पांढरं फूल. नाशिकला रस्त्याकडेला, मळ्यांच्या बांधावर जमिनीलगत पसरते ती खरी पुनर्नवा, बोऱ्हाविया डिफ्युजा. फुलं गुलाबी-जांभळी, टाचणीच्या डोक्याएवढी, बारीक देठांवर झुबक्यानं येतात. गुलबक्षी आणि बोगनवेल तिच्याच घरच्या. खोड तांबूस, पेरांशी फुगलेलं. पेरावरची दोन पानं कधी सारखी नसतात, एक मोठं तर एक लहान, आणि पान उलटलं की फिकट दिसतं. पांढरी म्हणून जी कुंडीत येते ती बहुतेक वेळा ट्रायन्थेमा असते. ती घोळीसारखी मांसल, फूल एकेकटं, पानाच्या बेचक्यात दडलेलं. जुन्या ग्रंथांत पांढरी-तांबडी असे दोन प्रकार आहेत, गोंधळ तिथूनच सुरू होतो. पण ट्रायन्थेमा वर्षायू आहे. बी टाकून ती मरते आणि बिचाऱ्या पुनर्नवेच्या नावानं बोंब होते.

रोज पाणी? अहो, ही मुरमाड बांधावर वाढणारी बाई. खाली जाड सोटमूळ आहे, तेच तिचं कोठार. कुंडी निदान फूटभर खोल हवी, मातीत वाळू, तळाला मोकळं भोक आणि पूर्ण ऊन. माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. नुसती आपली काळी माती भरून रोज पाणी घातलंत तर मूळ कुजतं. खताचं कौतुकही नको. पावसाळ्यात पानांना भोकं दिसली तर शेपटाशी शिंग असलेली अळी शोधा आणि हातानं उचलून लांब सोडा.

वाळली म्हणजे मेली, ही चूक मीही केलीय. पहिल्याच वर्षी मे महिन्यात वर काड्या उरल्या म्हणून कुंडी कंपाउंडच्या भिंतीशी उपडी केली. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतर त्या ढेकळातून तांबडे कोंब वर! ओढून पाहिलं तर खाली करंगळीएवढं मूळ. पुन्हा नवी होते ती पुनर्नवा. नावातच लिहिलंय, पण मेसेज लिहिणाऱ्यानं नाव तरी कुठे वाचलंय?

डायलिसिसचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सूज उतरायला आयुर्वेदात ही जुनी वनस्पती आहे, कोवळ्या पानांची मूगडाळ घालून भाजीही होते. पण मूत्रपिंड थकलेल्या माणसाला पोटॅशियम जपायला सांगितलेलं असतं, आणि पालेभाजीत ते भरपूर. अशा माणसानं मूठभर पानं रोज खाणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पानही नको, आणि डायलिसिस तर अजिबात बंद करू नका.

बाकी रोप विकत आणायचीही गरज नाही. दसऱ्याच्या सुमाराला नाशिकजवळ मखमलाबादकडच्या एखाद्या बांधावरून चालून या. पायजम्याच्या काठाला चिकटलेले, पाच कंगोऱ्यांचे बारके हिरवे दाणे दिसले की झटकू नका. ते वाळवून ठेवा आणि जूनमध्ये मातीत जेमतेम झाकले जातील असे पेरा.