समोर आलेलं वाचायचं, एवढंच?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या मेसेजचा सारांश असा: दिसायला बरी आणि शुद्ध मराठी बोलणारी पुण्याची मुलगी असेल तर मालिकेत काम मिळणं फारसं अवघड नाही. रोजचे पंधरा हजार धरले तरी महिन्याचे साडेचार लाख होतात. मालिका संपली तरी निवेदन आहेच, तिथे तर समोर आलेलं वाचायचं. पुरावा म्हणून स्मिता पाटील, ‘बातम्या वाचता वाचता स्टार झाल्या.’ आणि शेवटी, अर्थातच, ‘गॅरंटीड एन्ट्री’ देणाऱ्या एका कोर्सची जाहिरात.

आधी पैशांचं बघू, कारण मेसेज पुढे पाठवला जातो तो त्या आकड्यामुळेच. गुणाकार बरोबर आहे, पण मालिकेत पगार नसतो, ‘पर डे’ असतो. ज्या दिवशी कॉल, म्हणजे चित्रीकरणाचं बोलावणं, लागेल त्या दिवसाचेच पैसे. नायिकेला महिन्याला वीस-पंचवीस दिवस लागतात. नणंद, मैत्रीण, शेजारीण यांना कथानक जाईल तसे आठ ते पंधरा. ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, दुसऱ्या घरात वळला की अख्खा आठवडा कोरडा. पहिल्याच मालिकेत पंधरा हजार मिळतील हेही गृहीतच आहे, तरी मेसेजचाच आकडा घेऊ. चौदा दिवसांचे झाले २,१०,००० रुपये. दहा टक्के टीडीएसचे २१,००० कापले जातात. ते कराच्या हिशोबात धरले जातात, पण आज हातात नसतात. मॅनेजरचे पंधरा टक्के धरले तर ३१,५०० गेले. उरले १,५७,५००, आणि तेही बहुतेक ठिकाणी बिल दिल्यावर नव्वद दिवसांनी. तोवरचं मुंबईतलं डिपॉझिट, भाडं आणि रिक्षा घरच्यांच्या खिशातून. सेटवरून निघताना इन-टाइम, आउट-टाइम लिहून सही घेतली नसेल तर ओव्हरटाइम विसरायचा.

मेसेजमधलं ‘पुण्यातून ये-जा करता येते’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं सकाळी सातचा कॉल कधी पाहिलेला नाही. गोरेगावची चित्रनगरी पुण्यापासून साधारण १६० किलोमीटर, शिफ्ट बारा तासांची, आणि मेकअप-केसांना तासभर आधी खुर्चीत बसायचं. साताऱ्याकडे किंवा कोल्हापुरात चित्रीकरण असलं तरी मुक्काम करावाच लागतो.

शुद्ध बोलण्याचा फायदा आहे, पण पुणेकरांना वाटतो तेवढा नाही. गोष्ट कोल्हापूरची किंवा विदर्भातली असली की सदाशिव पेठी उच्चार आड येतात. ऑडिशनमध्ये मुली पडतात त्या भाषेमुळे कमी आणि पाठांतरामुळे जास्त. एकांकिका स्पर्धांतून आलेल्या मुली संवाद एका ठरलेल्या चालीत पाठ करून येतात. कास्टिंगवाला म्हणतो, ‘हेच आता रागावर न जाता बोल,’ आणि चाल मोडता येत नाही. दुसरी अडचण आवाजाची. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला आवाज कॉलर माइकवर ओरडल्यासारखा येतो.

सेल्फ-टेस्ट, म्हणजे घरीच फोनवर चित्रित केलेली ऑडिशन, पाठवायची असेल तर फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खिडकीचा उजेड समोरून यावा, मागे साधी भिंत असावी. आधी नाव, उंची आणि दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, मग प्रसंग. समोरच्याचे संवाद वाचणाऱ्यानं कॅमेऱ्याला चिकटून उभं राहावं, म्हणजे नजर भिंगाजवळ राहते. पण प्रसंगात थेट भिंगात बघायचं नाही. हे आवडलं तर पुढे लूक टेस्ट, सहकलाकारासोबत मॉक शूट आणि मग वाहिनीची मान्यता. यातल्या कुठल्याही पायरीवर काम थांबतं, आणि कारण कुणी कळवत नाही.

आता ते ‘वाचायचं तर असतं’. प्रॉम्प्टर म्हणजे भिंगासमोर पंचेचाळीस अंशांत बसवलेली काच आणि तिच्याखाली आडवा पडदा; त्यावरची संहिता काचेत दिसते. अक्षरं ऑपरेटर सरकवतो, आणि तो वाचणारीच्या वेगानं चालतो. नवखी मुलगी अक्षरांमागे धावते, ऑपरेटर तिच्यामागे, आणि दुसऱ्या मिनिटाला दोघांनाही धाप लागलेली असते. त्यावर उपाय म्हणजे पूर्णविरामाला मुद्दाम थांबणं. ऑपरेटर आपोआप थांबतो. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर बुबुळं डावीकडून उजवीकडे फिरताना प्रेक्षकाला दिसतात. तो तीन मीटरच्या आसपास नेला आणि एका ओळीत तीन-चार शब्दच ठेवले की दिसत नाहीत. आकडे अक्षरांत लिहून घ्यावेत. ‘५९’ला जीभ अडखळते, ‘एकोणसाठ’ला नाही. काही फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, म्हणून सगळी संहिता लाइव्हच्या आधी एकदा त्याच पडद्यावर सरकवून बघायची.

आणि हे चालू असताना कानात कंट्रोल रूम बोलत असते: ‘बाइट (कुणाच्या तरी बोलण्याची चित्रफीत) तयार नाही, भरून काढ,’ ‘वीस सेकंद,’ ‘गुंडाळ.’ तोंडानं एक वाक्य पुरं करायचं आणि कानानं दुसरं ऐकायचं. सराव घरी होतो: एका कानात बातम्या लावून हातातलं पान मोठ्यानं वाचायचं. अर्ध्या मिनिटाच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या निवेदनात, साधारण साठ-पासष्ट शब्द बसतात. त्याहून जास्त लिहिले की शेवटचं नाव गिळलं जातं, आणि ते नेमकं प्रायोजकाचं असतं.

‘बालगंधर्व’ला पुरस्कार सोहळा असेल तर बहुतेक वेळा प्रॉम्प्टरच नसतो. पोस्टकार्डाएवढी कार्डं, कोपऱ्यात क्रमांक, भोक पाडून रिंगमध्ये ओवलेली, म्हणजे हातातून पडली तरी क्रम मोडत नाही. प्रमुख पाहुणे चांदणी चौकात अडकलेले, समईची वात पेटत नाही, आणि आयोजकांनी आयत्या वेळी सत्काराची सहा नावं वाढवलेली. इथे ‘वाचायचं’ काय असतं ते मेसेजवाल्यानं सांगावं. नवी करकरीत पैठणी आणि छातीवर कॉलर माइक असेल तर पदराची सळसळ भाषणाहून मोठी ऐकू येते. मंगळसूत्र माइकवर आपटतं ते वेगळंच. मागे हिरवा क्रोमा, म्हणजे नंतर दुसरं चित्र बसवण्यासाठीचा पडदा, असेल तर हिरवं नेसायचं नाही, आणि बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात लवलवतं.

राहिलं स्मिता पाटील यांचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि तिथे त्या बातम्या वाचत, इथवर खरं. पण वाढत्या वयात त्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होत्या आणि पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका-चित्रपटात त्यांनी काम केलं होतं. भक्ती बर्वेही दूरदर्शनवर दिसत, पण त्याआधी रंगभूमीवर घडल्या होत्या. अलीकडचं बघायचं तर मुक्ता बर्वे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकल्या, तर मालिका आणि निवेदन दोन्ही करणाऱ्या प्राजक्ता माळी तिथेच भरतनाट्यम. मेसेजमध्ये ही वर्षं गाळली आहेत.

एक मालिका गाजली की पुढचं सोपं, हेही तसं नाही. गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि त्यावर ट्रॅक वाढतो किंवा कापला जातो. चालू करारात दुसऱ्या वाहिनीवर काम करायचं नाही, कार्यक्रमाच्या सुपारीलाही परवानगी लागते, केस कापायचे तरी विचारून. म्हणून सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी हव्यात: महिन्याला किमान किती दिवसांची हमी, कॉल रद्द झाला तर किती पैसे, बारा तासांनंतरचा दर, पैसे किती दिवसांत आणि काढायचं असेल तर नोटीस किती.

आणि तो कोर्स. भूमिका कुणाला द्यायची यावर शेवटचा शिक्का वाहिनीचा असतो, त्यामुळे ‘गॅरंटीड एन्ट्री’ देण्याचा अधिकार कुठल्याही शिकवणीवाल्याकडे नसतो. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड किंवा त्यांच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ यांसाठी कुणी पैसे मागितले तर निर्मितीसंस्थेचं नाव विचारावं आणि तिच्या कार्यालयात स्वतः फोन करून असं कास्टिंग चालू आहे का, याची खात्री करावी.