माणुसकीचं सुतक कसं पाळावं

माणुसकी मेल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचलीच असेल. रोजच पोचते. सकाळी डोळे किलकिले करून फोन हातात घ्यावा, तर कुणीतरी कुणालातरी भोसकलेलं असतं, तिसऱ्या कुणीतरी उभं राहून ते चित्रित केलेलं असतं आणि खाली हजार जणांनी ‘कुठे चाललंय जग?’ असं विचारलेलं असतं. तुम्ही एक हजार एकावे व्हा आणि सुतकाला बसा.

या सुतकासारखी सोय नाही. एकदा बसलं की कुठल्याच चांगल्या कामाला हात लावावा लागत नाही. रस्त्यात कुणी धडपडलं, कुणाला मारहाण होत असली, तरी आपण सुतकात! आणि इतर सुतकं काही दिवसांत फिटतात. हे जन्मभर चालवता येतं. फक्त मयत मधूनमधून हालचाल करतं, तेवढी काळजी घ्यावी लागते.

वादात कुणी पुरावा मागितला तर १९६४ सालचं न्यूयॉर्कचं प्रकरण तोंडपाठ असू द्या. किटी जेनोव्हिज या तरुणीचा घराजवळ खून झाला आणि अडतीस शेजारी नुसते पाहत राहिले, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या हे शिकल्या. तुम्ही इथेच थांबा. पुढे वाचाल तर कळेल की प्रत्यक्ष हल्ला पाहणारे मोजकेच होते. बहुतेकांच्या कानावर नुसता ओरडा आला होता. एकाने खिडकीतून दरडावल्यावर हल्लेखोर काही वेळ पळूनही गेला होता. आणि एक शेजारीण, मारेकरी अजून तिथेच आहे की गेला हे ठाऊक नसताना, खाली धावली आणि त्या मुलीला कवटाळून बसली. आपली ती बातमी सदोष होती, हे त्याच वर्तमानपत्राने २०१६ साली मान्य केलं. असेना का! अडतीस हा आकडा कसा घोळक्यासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. कवटाळून बसलेली बाई काय, एकटीच.

रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांपासूनही जपा. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमध्ये भर रस्त्यात झालेल्या २१९ भांडणांचं चित्रण संशोधकांनी तपासलं. दहातल्या नऊ भांडणांत बघ्यांपैकी कुणी ना कुणी मदतीला पुढे झालं होतं. तिथे जितके बघे जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. नशीब, की असलं चित्रण कुणी एकमेकांना पाठवत नाही. ‘दोघे भांडत होते, तिसऱ्याने बाजूला केलं, तिघेही घरी गेले’ यात बघण्यासारखं काय आहे?

भयंकर गोष्टी घडतात, हे मात्र खरंच आहे. त्या खऱ्या आहेत म्हणून तर सुतक खपतं.

पाकिटांचा विषय निघाला तर उठून जा. चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटं बँका, हॉटेलं, पोलीस ठाण्यांत ‘बाहेर सापडलं’ म्हणून सोपवली आणि वाट पाहिली. बिनपैशाच्या पाकिटांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांबाबत मालकाला कळवलं गेलं. ज्यात पैसे होते, त्यांच्याबाबत एक्कावन्न टक्के! लोकांनी अंदाज नेमका उलटा वर्तवला होता, अर्थतज्ज्ञही फसले. हा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. तुम्ही उरलेले एकोणपन्नास टक्के धरून बसा. सुतकाला तेवढे भरपूर झाले.

‘पूर्वीची माणसं अशी नव्हती’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणा. निदान साठ देशांतले लोक निदान सत्तर वर्षं हेच म्हणत आले आहेत, असं २०२३ साली ‘नेचर’मधल्या अभ्यासात दिसलं, आणि बिघाड सुरू झाला तो साधारण आपण जन्मल्यापासून, असंही त्यांना वाटतं. या योगायोगावर शंका घेऊ नका. एकच अडचण आहे. जवळून ओळखीच्या माणसांबद्दल विचारलं की हेच लोक सांगतात, ती काही बिघडलेली नाहीत. तेव्हा ओळखी वाढवू नका. शेजाऱ्याचं नाव कळलं की सुतकाला तडा गेलाच म्हणून समजा.

एवढं सांभाळूनही एखादे दिवशी समोरचं अनोळखी पोर जिन्यावरून घसरेल आणि तुम्ही विचार करायच्या आत तुमचा हात पुढे गेलेला असेल. घाबरू नका. त्याला उभं करा, कपडे झटका, आजूबाजूला पाहा. कुणी चित्रित करत नसेल तर मुकाट्याने वाटेला लागा. कुणी पाहिलंच असेल, तर म्हणा, तोल जात होता माझा, म्हणून त्याला धरलं.