निसर्गाकडे चला, पण पाण्याचा दिवस बघून

निसर्गाकडे वळायचं ठरवलंत, अभिनंदन. पहिलं काम म्हणजे मोरीतल्या फळीवरचं सगळं एका पिशवीत भरायचं. शांपू, भांड्याचा साबण, फरशी पुसायचं निळं पाणी, दाढीचा फेस, सगळं. फेकायचं मात्र नाही, माळ्यावर टाकायचं. पाहुणे येतात, त्यांना निसर्ग सोसेलच असं नाही.

दुसरं काम खरेदीचं, कारण निसर्गाकडे रिकाम्या हातानं जाता येत नाही. रिठा आणि शिकेकाई पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात गोणीतून काढून, कागदात बांधून मिळते. तिथून घेऊ नका. कागदाची पुडी कुणाला दाखवणार? मोबाइलवरून मागवा. मग शिकेकाई काचेच्या बरणीत येते, बरणीभोवती फुग्यांचं प्लास्टिक, त्याभोवती पुठ्ठा, पुठ्ठ्यावर हातभर चिकटपट्टी, आणि आत एक कार्ड, ‘प्लास्टिकला नाही म्हटल्याबद्दल आभार’. ते कार्ड फ्रिजवर लावा. प्लास्टिक घंटागाडीत टाका.

कागदी रुमालाऐवजी ‘धुऊन पुन्हा वापरता येणारी सुती पुसणी’ मिळते, तीही मागवा. आता सोलापुरात राहून टॉवेलाचा तुकडा कुरिअरनं मागवायचा म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का बाहेरून मागवण्यासारखं आहे, पण तत्त्वासाठी एवढं करावं लागतं. माझे मामा तीस वर्षं यंत्रमागावर होते. त्यांनी आमची पुसणी दोन बोटांत चोळली, उलटी करून कडेची शिवण बघितली आणि म्हणाले, “हे आपलंच की. अक्कलकोट रोडचं.” मी त्यांना किंमत सांगितली नाही. वयाचा मान ठेवावा.

आता केस. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्यानं फेस होतो. एक गोष्ट मात्र इमानदारीनं कबूल करतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस फुटून दह्यासारखा साका बसतो, रिठ्याचं तसं होत नाही. आपल्यासारख्या गावात हा मोठाच गुण. पण डोक्यात बसलेला शिकेकाईचा चोथा काढायला तीन बादल्या लागतात, आणि नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापूरकराला मी काय सांगायचं? तेव्हा निसर्ग पाण्याच्या दिवशीच करा. बाकीचे दिवस नुसतं तेल. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाला सिद्धरामेश्वरांच्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, तुम्ही एकोणसत्तरावे म्हणून वर्षभर फिरा. राहिलेलं रिठ्याचं पाणी साठवू नका, दोन दिवसांत वास मारतं. त्यात टिकवायला काही घातलेलं नसतं, आणि तेच तर आपल्याला हवं होतं.

हे सगळं करायचं कुणी? या विषयावरचे लेख नीट वाचा. ‘रात्री शिकेकाई भिजत घातली जाते, सकाळी उकळली जाते, मग फडक्यातून गाळून घेतली जाते.’ शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणायचे. कर्ता दिसत नाही. आमच्या घरात मात्र तो सकाळी साडेपाचला गॅसजवळ उभा असलेला स्पष्ट दिसायचा, केसांचा अंबाडा घातलेला आणि माझ्याकडे न बघणारा. प्रयोग माझा, कर्ता ती. तुमच्याकडेही अशीच वाटणी ठेवा, म्हणजे निसर्गाबद्दलचा तुमचा उत्साह टिकून राहतो.

फरशीसाठी व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घाला. जोरदार फसफसतं आणि आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. खरं तर आम्ल आणि अल्क एकमेकांना तिथंच संपवतात, वायू उडून जातो, उरतं थोडं मीठवजा सोडियम ॲसिटेट आणि पाणी. म्हणजे शेवटी फरशी पाण्यानंच पुसायची. पण तुम्हाला तेवढं पटलं नाही आणि नुसतंच व्हिनेगर घेतलंत, तर खाली वाकून फरशी कसली आहे ते बघा. जुन्या सोलापुरी घरात ती शहाबादी असते. शहाबाद गुलबर्ग्याच्या पलीकडे, आणि ती फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. चुनखडीला आम्ल लागलं की ती विरघळायला लागते. आजोबांच्या काळापासून पायांनी घासून घासून काळीभोर, तुळतुळीत झालेल्या आमच्या फरशीवर आता दारापाशी एक पांढुरका गोल आहे, बरोबर बादलीच्या बुडाएवढा. पावलाला तो खरखरीत लागतो. येणारे जाणारे विचारतात, इथं रांगोळी होती का? हो म्हणा.

फळांच्या सालीचं एन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी, तर करायलाच हवं. गूळ 1 भाग, लिंबू-मोसंबीच्या साली 3 भाग, पाणी 10 भाग, आणि थांबायचं 3 महिने. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला वायू सोडायचा असतो. ही ओळ वगळा, मी वगळली होती. एप्रिलात दोन दिवसांसाठी तुळजापूरला लग्नाला गेलो. आमचं दार बंद, बाटली कोनाड्यात, बाहेर उन्हानं माणूस भाजतोय. परत आलो तेव्हा शेजारच्या अक्का जिन्यातच उभ्या होत्या. “रात्री तुमच्यात सिलिंडर फुटला का ओ?” आत जाऊन बघतो तर साली छताला, गूळपाणी देवघरापर्यंत, आणि हुरड्याला पाहुणे यावेत तशा मुंग्या सहकुटुंब आलेल्या. ते सगळं साफ करायला आम्ही काय वापरलं ते विचारू नका. माळ्यावरची पिशवी थोडी हलकी झाली एवढंच सांगतो.

त्वचेचं थोडक्यात उरकतो. काखेत खायचा सोडा लावा. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच (7च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 5.5, आणि सोडा 8च्या वर. दोन दिवसांत हात अंगापासून लांब धरून चालायला लागाल, लोकांना वाटेल तालमीत जाता. चेहऱ्याला लिंबू चोळा आणि तसेच दुपारी नवी पेठेत जा. लिंबाच्या रसातले काही घटक उन्हात कातडी भाजतात, मग आधी लालपणा, कधी फोड, आणि नंतर काळे डाग जे महिनोन्‌महिने जात नाहीत. उजळ व्हायला निघालेल्या माणसाला यापेक्षा नैसर्गिक काय हवं?

आजीला मात्र यातलं काही सांगू नका. मी सांगितलं. “आम्ही राखेनं भांडी घासायचो,” ती म्हणाली, “कारण साबण नव्हता.” मग तिनं बोटं पुढे केली. भेगा आता दिसत नाहीत, पण कुठं होत्या ते तिला अजून पाठ आहे. साबणाची पहिली वडी घरात आली तेव्हा तिनं ती दोऱ्यानं कापून चार महिने पुरवली होती.

तरीही मी राख आणली, चाळली, नारळाची शेंडी घेऊन मोरीत मांडली. दुसऱ्या दिवशी भांडीवाल्या मावशी आल्या. राखेकडे बघितलं, शेंडीकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन आवाज खाली केला. “वैनी, दादांचं काम सुटलं काय?”

हिनं नाही म्हटलं. मावशींना ते पटलेलं दिसलं नाही. सगळी भांडी त्यांनी राखेनं घासली, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी येताना कमरेच्या पिशवीतून साबणाची दहा रुपयांची वडी काढून मोरीच्या कडेला ठेवली आणि म्हणाल्या, “पगारात धरू नका.”