‘पाच मिनिटं द्या आणि खोलीबाहेर जा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. लेक नुकतीच झोपलेली, म्हणून कुजबुजत बोलत होती. “ताई, मी हिला बिघडवलंय का गं?”

लेक नऊ महिन्यांची. महिन्याभरापूर्वी कुणाकडेही जाणारी ही पोर आता नवा माणूस दारात दिसला की आधी थिजते, मग ओठ थरथरतात, मग आईच्या खांद्यात तोंड खुपसून भोकाड पसरते. ते पाहून नात्यातल्या एका काकूंनी तिला मेसेज पाठवला होता. तोच मेसेज माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचताच पुसला होता. आता वाचला, आणि झोप उडाली.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. निरोगी बाळ कुणाकडेही हसत जातं. परक्यांना बघून रडत असेल तर आईने सतत कडेवर घेऊन ते लाडावून ठेवलंय. रडल्यावर लगेच उचललं की सवय लागते. उपाय काय, तर रोज एका नव्या माणसाच्या हातात बाळ पाच मिनिटं द्यायचं, आईने खोलीबाहेर जायचं, कितीही रडलं तरी परत यायचं नाही. २१ दिवसांत भीती मोडते. हे केलं नाही तर मूल जन्मभर माणूसघाणं राहतं. खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’. पोहोचला, बाबांनो. रात्री साडेदहाला पोहोचला.

पहिला मुद्दा झटक्यात संपवते. परक्यांना बघून बिचकणं साधारण सहाव्या ते नवव्या महिन्यात सुरू होतं, वर्षाच्या आसपास जोरात असतं आणि दुसऱ्या वर्षात हळूहळू ओसरतं. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने विसाव्या शतकाच्या मध्यालाच याला ‘आठव्या महिन्याची चिंता’ असं नाव दिलं होतं. ज्या गोष्टीच्या नावातच महिना आहे, ती तुमच्या लाडांनी आली कशी? आधी बाळाला सगळे चेहरे जवळपास सारखेच चालायचे. आता ‘हे आपलं, हे आपलं नाही’ एवढा हिशेब डोक्यात बसू लागलाय. आपल्याकडे म्हणतातच की ‘माणूस ओळखायला लागलं’. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कळतं ते या मेसेजवाल्याला कळत नाही. (आणि उलटा अर्थही काढू नका. काही बाळं फारशी रडत नाहीत, नुसती टक लावून बघतात. तीही ठीकच असतात.)

रडल्यावर उचललं की सवय लागते म्हणे. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी २६ बाळांच्या घरी वर्षभर जाऊन नोंदी केल्या आणि १९७२ साली त्या छापल्या. ज्या आया सुरुवातीच्या महिन्यांत चटकन धावल्या, त्यांची बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. या अभ्यासावर पुढे वाद झाले, ते मान्य. पण मेसेजवाल्याकडे वाद घालण्यापुरतीही नोंद नाही. त्याच्याकडे फक्त जोडलेले हात आहेत.

आता मुख्य गोष्ट, तो २१ दिवसांचा उपाय. माझा राग सगळा यावर आहे.

बिचकलेलं बाळ नेमकं काय करतं ते एकदा नीट बघा. पाहुणा आत येतो. बाळ त्याच्याकडे बघतं. मग मान वळवून आईकडे बघतं. पुन्हा पाहुण्याकडे, पुन्हा आईकडे. ते विचारतंय: हा माणूस बरा आहे ना? त्याला शब्द येत नाहीत, म्हणून ते आईच्या तोंडावर उत्तर शोधतं.

हे माझं कवित्व नाही. १९८५ साली सोर्स, एम्डे, कॅम्पोस आणि क्लिनर्ट यांनी छापलेला प्रयोग आहे. एक मोठं टेबल, वर जाड काच. काचेखाली अर्ध्यात फरशी वरच, आणि पुढे ती साधारण ३० सेंटीमीटर खाली गेल्यासारखी दिसते. पडणार तर नाही, पण दिसतं तसं. वर्षाचं बाळ एका बाजूला, आई आणि खेळणं दुसऱ्या बाजूला. आईने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. बाळ रांगत कडेपर्यंत येतं, खाली बघतं, थबकतं आणि आईकडे बघतं. आई हसरी होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. आईने घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. एकही नाही! काच तीच, खालचा खड्डा तेवढाच, बदलला तो फक्त चेहरा.

प्रयोग काचेखालच्या खड्ड्याचा आहे, पाहुण्यांचा नाही, हे मलाही दिसतं. पण त्याआधी १९८३ मध्ये दहा महिन्यांच्या बाळांवर माणसांबाबतही तपासून झालंय. नव्या माणसाबद्दल आई बाळाशी आनंदाने बोलली तर बाळ त्या माणसाशी जास्त मोकळं वागलं.

आता हा उपाय पुन्हा वाचा. बाळाला भीती वाटते, ते आईच्या चेहऱ्याकडे बघायला मान वळवतं, आणि आई तिथे नाही. मेसेजवाल्याने मुद्दाम ती खोलीबाहेर पाठवलीय. वर, ज्याची भीती वाटते त्याच्याच हातात बाळ. यातून बाळ शिकणार काय? नवा माणूस आला की आई जाते. म्हणजे पुढच्या पाहुण्याला दारातच रडायचं. आणि पाच मिनिटांनी बाळ गप्प झालं तर ते शूर झालं असं धरायचं? थकूनही माणूस गप्प होतो. २१ हा आकडा कुठून आला ते मेसेजमध्ये नाहीच.

जन्मभर माणूसघाणं राहण्याचं भविष्य मी सोडूनच देते. वय सरतं तसं बहुतेकांचं हे सरतं. तीन वर्षांचं मूलही नव्या माणसासमोर थिजून खेळणंच सोडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करते. मेसेजात ‘बाळाला माणसांत ठेवा’ असंही एक वाक्य आहे आणि ते खरं आहे. रडतं म्हणून पाहुणा आला की आतल्या खोलीत नेऊन बसणं, हा उपाय नाही. माणसांत ठेवा, पण आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर. आणि पाहुण्यालाही जरा शिकवा. बाळं परक्या मोठ्या माणसाला बिचकतात, परक्या चार वर्षांच्या पोराला सहसा बिचकत नाहीत. पोर त्यांच्या उंचीवर असतं आणि हात पसरून अंगावर येत नाही. आपण मोठी माणसं डोळ्यांत डोळे घालून ‘ये ये ये’ करत वरून झेपावतो. माझ्या अंगावर कुणी असं आलं तर मीही ओरडेन.

आणि बाळाची नजर चुकवून सटकू नका. कामाला जायचंच असेल तर ओळखीच्या माणसाकडे द्या, सांगून जा, रडलं तरी सांगून जा.

रविवारी त्याच काकू बहिणीकडे आल्या. मीही होते. बहिणीने लेकीला मांडीवर घेतलं आणि काकूंना सांगितलं की तिच्याकडे बघू नका, आमच्याशी बोला. काकूंना ते काही रुचलं नाही, पण खाली बसल्या. गप्पा मारता मारता चष्म्याचं घर उघडबंद करत राहिल्या. टक्, टक्. पोर आधी आईच्या कुशीतून एका डोळ्याने बघत होती. मग दोन्ही डोळ्यांनी. मग आईचं तोंड बघितलं, खाली उतरली, अर्ध्यापर्यंत रांगली, परत वळून आईला बघितलं. वीसेक मिनिटांनी तिचं बोट त्या चष्म्याच्या घरावर टेकलं.

काकूंनी त्याच क्षणी तिला उचलली. शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.