सार्वजनिक गुडघा

पोट दुखतंय म्हटलं तर लोक एवढंच विचारतात, काल काय खाल्लं होतं? दात दुखत असेल तर डेंटिस्टचं नाव सांगून मोकळे होतात. गुडघ्याचं तसं नाही. पुण्यात हौसेने सायकल हाणणाऱ्या माणसाने एकदा का "गुडघा दुखतोय" असं उच्चारलं, की तो गुडघा त्याचा खासगी राहत नाही. त्यावर सोसायटीचा, सासरचा, ऑफिसचा आणि रविवारी सकाळी खडकवासल्याला भेटणाऱ्या समस्त सायकलवाल्यांचा समान हक्क तयार होतो.

माझा उजवा. वाटीच्या पुढच्या बाजूला. जिना चढताना कुरकुर, उतरताना ठणका आणि सपाटीवर चालताना काहीच नाही. हे "चालताना काहीच नाही" फार घातक. त्यामुळे घरात कोणाचाच विश्वास बसत नाही. माळ्यावरचा डबा काढायचा म्हटलं की दुखतो आणि सिंहगडाच्या घाटाचं नाव काढलं की राहतो, असा गुडघा आमच्या हिने तिच्या माहेरी कधी पाहिला नव्हता म्हणे.

पहिलं निदान तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये केलं. "वंगण संपलंय." त्यांचा मजला आला, दार उघडलं, आणि जाता जाता त्यांनी औषधही सांगितलं, डिंकाचे लाडू. मला ते आवडतात, त्यामुळे हा उपचार मी अत्यंत निष्ठेने केला. वजन वाढलं, आणि ते वाढीव वजन घाटात त्याच गुडघ्याला ओढावं लागलं. मग सासूबाईंनी शेकायला निरगुडीचा पाला धाडला. त्याच संध्याकाळी मेहुण्याने फोन करून बर्फच लावायचा असं बजावलं. शेक की बर्फ, यावरून माझ्या सासरी दोन तट पडले ते अजून एकमेकांच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवतात. मी सकाळी पाला आणि रात्री फ्रीजरमधली मटारची पिशवी असा तोडगा काढला. त्या मटारचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. एका गुरुवारी उसळ मात्र होती.

सायकलवाल्यांची निदानं वेगळ्या घराण्याची. तिथे पाला-बिला चालत नाही, तिथे सुटे भाग बदलतात. कोणी म्हणालं बूट पायडलला अडकवणारी क्लीट बदल, कोणी पायडलचा दांडा म्हणजे क्रँक आखूड घे, एकाने तर सायकलच बदलायला सांगितली. त्याला त्याची विकायची होती. पण या गदारोळात एक जुने जाणते गृहस्थ कणसाला लिंबू चोळता चोळता म्हणाले, "पुढे दुखलं तर सीट वर, मागे दुखलं तर सीट खाली." एवढं बोलून ते कणसाकडे वळले.

आणि त्यात खरंच तथ्य होतं. सीट फार खाली असली की पायडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो, आणि त्याच अवस्थेत जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सीट फार वर असली तर पाय खाली ताणला जातो आणि गुडघ्यामागच्या शिरा ओरडतात. बाहेरच्या बाजूला दुखलं तर मांडीवरून खाली येणारा लांब पट्टा आणि आतल्या बाजूला दुखलं तर बुटाखालच्या क्लीटचा कोन तपासायचा. थोडक्यात, गुडघ्याला चार बाजू असतात आणि चारही बाजूंना खर्च असतो.

सीट खाली असण्यामागे संस्कार आहेत, हे इथे नोंदवायला हवं. आमची पिढी तासावर भाड्याने आणलेल्या मोठ्यांच्या सायकलवर शिकली. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांडीवरून, आणि बऱ्याच रक्तपातानंतर सीटवर. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले तरच सायकल घराबाहेर काढायची, अशी वडिलांची अट होती. वडिलांच्या अटी माणूस पुढे किती वर्षं पाळत राहतो याचा हिशेब गुडघ्याकडे असतो.

डॉक्टर दोन झाले. पहिल्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "सायकल बंद." दुसऱ्यांनी तोच एक्स-रे त्याच पद्धतीने धरला आणि म्हणाले, "सायकल चालवता? उत्तम! गुडघ्याला याच्यासारखा व्यायाम नाही." फी मात्र दोघांचीही सारखीच होती. मी अर्थातच दुसऱ्यांवर श्रद्धा ठेवली.

त्यांनी मला विचारलं, "नाटकाला जाता का?" मला वाटलं, पास देतायत. पण गुडघे दुमडून बराच वेळ बसलं की वाटीमागे दुखू लागतं, त्याला डॉक्टरी भाषेत थिएटर साइन म्हणतात. आपल्या दुखण्याला थेट नाट्यगृहाचं नाव आहे हे ऐकून पुणेकर म्हणून ऊर भरून आला. खरंच, तीन अंकी नाटकाला गेलो की पहिला अंक मी बघतो, दुसरा माझा गुडघा बघतो. मागच्या वेळी पाय जरा लांब केला तर तो पुढच्या खुर्चीला लागला. त्या बाई वळल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काम तिकडे स्टेजवर चाललंय." तेव्हापासून मी कडेची खुर्ची घेतो आणि पाय जाण्यायेण्याच्या वाटेत पसरतो. तिथे त्याला उशिरा येणारे लोक अडखळतात, पण त्यांना बोलायला तोंड नसतं.

डॉक्टरांनी पुढे फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला एका पायावर उभं केलं, मग अर्धवट बसायला लावलं, आणि शेवटी फार मायेने सांगितलं, "काका, गुडघ्याला काही झालेलं नाही. तुमचे ग्लूट्स झोपलेत." मी मराठीत विचारल्यावर ती थोडी लाजली आणि म्हणाली, "बसण्याचे स्नायू, काका. कमरेखालचे. ते काम करत नाहीत, म्हणून गुडघा आत झुकतो." ही सोबत आलीच होती. ती म्हणाली, "फक्त तेच झोपलेत?"

मग व्यायाम आले. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायची. सरळ पाय उचलून धरायचा. कुशीवर झोपून, पावलं जुळवून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा आणि मिटायचा. हा शेवटचा प्रकार हॉलमध्ये चालू असताना कुरिअरवाला आला. त्याने सही न घेताच पार्सल ठेवलं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला आमच्या ग्रुपपासून लपवावी लागली. "हलका गिअर, काका. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे." म्हणजे तासाला ४८०० वेळा गुडघा दुमडायचा, पण प्रत्येक वेळी थोडक्या जोराने. आमच्याकडे मोठ्या गिअरवर दात-ओठ खात चढणाऱ्याला मान आहे. हलक्या गिअरवर पाय भिरभिरवणाऱ्याला लोक चढावर मागून हात लावून ढकलतात, तेही प्रेमाने.

सायकल फिट करणाऱ्याने तर चक्क गवंड्याचा ओळंबा काढला. क्रँक आडवा धरायला लावून माझ्या वाटीखालून दोरी सोडली आणि ती पायडलच्या आसापाशी येते का ते बघितलं. मग पायडल खाली असताना गुडघा किती अंशात वाकतो ते मोजलं. २५ ते ३५ हवा. माझा कितीत होता ते त्याने सांगितलं नाही, नुसता "बाप रे" म्हणाला. सीट चांगली बोटभर वर गेली. त्याने जेवढे पैसे घेतले तेवढ्यात माझी पहिली सायकल आली असती, डायनॅमो आणि कॅरिअरसकट.

आता परवानगी आहे ती सपाट रस्त्याची. फिजिओ पुण्याची नसावी. आमच्या घरापासून कुठल्याही दिशेला निघालं तरी एक चढ आहेच, आणि जिथे नाही तिथे उड्डाणपूल आहे. शेवटी एनडीएच्या, म्हणजे लष्करी प्रबोधिनीच्या बाजूला बराचसा सपाट म्हणता येईल असा एक तुकडा सापडला. परवा तिथे हलक्या गिअरवर पाय भिरभिरवत निघालो होतो. मागून घंटी वाजली. काळी ॲटलास, कॅरिअरला दुधाची किटली, पायात चपला आणि दोन्ही गुडघे दोन दिशांना काढलेले एक आजोबा माझ्या बरोबरीला आले. त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा पट्टा बघितला, मग सीट बघितली.

"सीट खाली घ्या जरा," ते म्हणाले. "गुडघा दुखंल नाहीतर."

मी हो म्हटलं. ते थोडे रेंगाळले.

"केवढ्याची घेतली?"

घरी जी किंमत सांगितली आहे तीच त्यांनाही सांगितली.

"फसवलं तुम्हाला," म्हणाले, आणि पुढे निघून गेले.