परदेशी अभ्यासदौरे: पाहुणे म्हणून की सहकारी म्हणून?

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी आठ-दहा दिवसांचे परदेशी अभ्यासदौरे आज अनेक विद्यापीठे आखतात आणि त्यांच्या माहितीपत्रकांत ‘आंतरसांस्कृतिक जाण’ व ‘जागतिक व्यवहारकौशल्य’ हे शब्द हमखास असतात. अशा दौऱ्यांच्या आखणीत सहभागी होत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ही कौशल्ये केवळ सीमा ओलांडल्याने अंगी येत नाहीत. तिथल्या माणसांच्या बरोबरीने एखादे खरे काम करावे लागते, आणि नेमके त्यालाच वेळापत्रकात जागा नसते.

वेळापत्रकात असतात त्या कंपन्यांच्या भेटी. जनसंपर्क विभागाचे अधिकारी सभागृहात कंपनीचा इतिहास, उलाढाल आणि पर्यावरणविषयक धोरण पडद्यावर दाखवतात. शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखलेली असतात. त्यांत कोणीतरी पुढील पाच वर्षांच्या योजनांविषयी विचारतो, आणि त्याचे उत्तर कंपनीच्या संकेतस्थळावर आधीपासूनच असते. मग एकत्र छायाचित्र, स्मृतिचिन्ह आणि पुन्हा बस. यात यजमानांना दोष देण्यासारखे काही नाही, कारण पाहुण्यांनी त्यांच्याकडे याहून वेगळे काही मागितलेलेच नसते.

दोन समूह नुसते समोरासमोर आले म्हणून एकमेकांना समजू लागत नाहीत, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडले होते. संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य घडावे आणि त्यामागे संस्थेचे पाठबळ असावे, असे त्यांचे म्हणणे होते. या कसोटीवर कंपनीभेट तपासली तर चारपैकी फार तर शेवटची अट पूर्ण होते.

पाहणे आणि करणे यांतला फरक वाहन उद्योगाने चांगलाच अनुभवला आहे. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे ‘नुम्मी’ हा संयुक्त कारखाना सुरू केला. त्याच जागी जनरल मोटर्सचा पूर्वीचा कारखाना होता. तो गैरहजेरी आणि कामगार-व्यवस्थापन संघर्षासाठी कुप्रसिद्ध होता आणि 1982 मध्ये बंद पडला होता. नव्या कारखान्यात बरेचसे जुनेच कामगार घेतले गेले. त्यांच्या तुकड्या जपानला गेल्या आणि तिथल्या कामगारांच्या शेजारी उभ्या राहून काम शिकल्या. चूक दिसताच जुळणीच्या रांगेजवळची दोरी ओढायची, दिवा लागतो, तुकडीप्रमुख धावत येतो, अडचण वेळेत सुटली नाही तर जुळणी थांबते, आणि दोरी ओढणाऱ्यावर कोणी डाफरत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले. प्रेक्षकांच्या मार्गिकेवरून पाहणाऱ्याला दोरी दिसते, दिवा दिसतो. सर्वांत कनिष्ठ माणसाला ती ओढायची भीती का वाटत नाही, हे मात्र दिसत नाही. जनरल मोटर्सला हीच पद्धत आपल्या इतर कारखान्यांत रुजवताना बरीच वर्षे झगडावे लागले, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

प्रस्थानापूर्वीच्या व्याख्यानांविषयीही माझी तक्रार आहे. देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारे डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांच्या मोजपट्टीवर अमुक देशाला व्यक्तिवादासाठी इतके गुण, तमुक देशाला तितके, असा तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो. मूळ मांडणी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून 1967 ते 1973 या काळात मिळालेल्या माहितीवर उभी होती आणि ती देशांच्या सरासरींची तुलना करते, समोर बसलेल्या माणसाचा स्वभाव सांगत नाही. तक्ता पाठ करून गेलेला विद्यार्थी माणसाकडे पाहण्याऐवजी तक्त्यातले वाक्य त्याच्यावर चिकटवू लागतो. (परीक्षेत मात्र त्याला चांगले गुण मिळतात.)

म्हणून भेटी निम्म्या कराव्यात आणि उरलेला वेळ यजमान विद्यापीठातील विद्यार्थ्यांसह मिश्र गटांत, एखाद्या छोट्या उद्योगाने दिलेल्या खऱ्या प्रश्नावर घालवावा. अशा गटात पहिल्याच दिवशी अडखळायला होते. एका बाजूला बैठकीत मोकळा वाद घालून तिथेच निर्णय घ्यायची सवय असते. दुसऱ्या बाजूचे सगळे बोलणे बैठकीआधी एकेकाशी झालेले असते आणि बैठक ही केवळ शिक्कामोर्तबाची असते, जशी ती जपानमधील अनेक कंपन्यांत असते. पहिल्यांना दुसरे गप्प आणि उदासीन वाटतात, दुसऱ्यांना पहिले उद्धट. उद्योजकाला शुक्रवारी उत्तर द्यायचेच असल्याने दोघांनाही यातून वाट काढावी लागते, आणि ती काढताना जे कळते ते व्याख्यानातून कळत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकाने अशा वेळी लगेच मध्यस्थी करू नये. हा मोह आवरणे फार अवघड असते, हेही खरे.

यासाठी सबंध सत्र परदेशी राहावे लागते असे नाही. युरोपमधील इरॅस्मस कार्यक्रम 1987 मध्ये सुरू झाला आणि दीर्घकाळच्या विद्यार्थी-देवाणघेवाणीसाठी ओळखला गेला. त्याच्या सध्याच्या रूपात मात्र 5 ते 30 दिवसांच्या प्रत्यक्ष वास्तव्याला दूरस्थ सहकार्याची सक्तीची जोड असलेला संमिश्र प्रकारही आहे. गट दौऱ्याआधीच एकत्र कामाला लागले, तर पहिले दोन दिवस ओळखी करून घेण्यात जात नाहीत.

खर्चाचा प्रश्न उरतोच. दौरा ऐच्छिक आणि स्वखर्चाचा ठेवला, तर आधीच परदेश पाहिलेलेच विद्यार्थी पुन्हा जातात आणि ज्यांना या अनुभवाची सर्वाधिक गरज आहे ते मागे राहतात. विद्यापीठाने भेटींची संख्या, हॉटेलांचा दर्जा आणि निरोपसमारंभ यांत काटकसर करून वाचलेली रक्कम शिष्यवृत्त्यांना द्यावी. आणि शक्य असेल तिथे यजमान विद्यार्थ्यांच्या परतभेटीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी, कारण पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री तिलाच लागते.